मनगटावरचं तेल

“तोंडाकडं बघू नको, वैजे. पायाच्या बोटांकडं बघ.”

कमळाक्का हे मला रोज सांगायची. त्या सोमवारी सकाळीही सांगितलं, टेबलावर पालथ्या झोपलेल्या एस्तेरबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या तांबवेकर मॅडमच्या पंचकर्म केंद्रात मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अक्काला पंचवीस वर्षं झाली होती. केंद्र निघालं त्या दिवशी लाकडी टेबल आणि मी एकाच दारातनं आत आलो, असं ती ऐटीत सांगायची.

पायाच्या बोटांचं कारण साधं होतं. आपली माणसं भिडस्त. अंगावर एक चादर, पाठ परक्याच्या ताब्यात, अशा वेळी “तेल गरम नाही ना?” विचारलं, तर पोळत असलं तरी म्हणणार, “नाही नाही, छान आहे.” पायाच्या बोटांना भीड नसते. तेल गरम असलं, दाब जास्त झाला, की ती आत वळतात. तोंडाला एकदा विचारायचं आणि मग बोटांवर नजर ठेवायची.

अक्काचे असे बरेच नियम होते. हात लावण्याआधी विचारायचं, मग समोर सख्खी बहीण का असेना. एकदा हात ठेवला की माणसाला एकटं सोडायचं नाही. तेलाची वाटी घ्यायला वळलीस तरी दुसरा हात अंगावर पाहिजे. आणि तेल आधी आपल्या मनगटावर, मग त्यांच्या अंगावर. हे तपासायचं काम मुख्य बाईचं. दोघींनी मिळून मालिश करताना डावीकडे उभी राहते ती मुख्य, उजवीकडची तिच्या हाताला हात मिळवते. दोन्ही बाजूंचे हात एकाच वेळी खांद्यावरून निघून एकाच वेळी कंबरेला पोचले पाहिजेत. डोळे मिटलेल्या माणसाला वाटायला हवं की चार हातांची एकच बाई आहे.

आणि तिथंच माझं गुपित होतं. गेले दोन महिने अक्काचा उजवा हात मागं पडत होता.

आधी मला वाटलं, थकली असेल. मग एकदा तिच्या हातून वाटी निसटली. मग ती पाठीतली गाठ शोधताना म्हणायला लागली, “तू बघ गं, माझी बोटं आज बधिर झाल्यात.” आज म्हणता म्हणता ते रोजचंच झालं. करंगळी जराशी वाकलेली दिसायची. एकदा तर तिच्या बोटावर टपोरा फोड होता आणि मी दाखवेपर्यंत तिला त्याचा पत्ताच नव्हता. “पातेलं लागलं असंल,” म्हणून तिनं हात पदराखाली घेतला. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा फिकट चट्टा होता. त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, “तेलाचा डाग हाय. पंचवीस वर्षं तेलात हात घाल, मग तुलाबी पडंल.”

मी काय केलं? मी माझा हात हळू केला. तिचा हात जेवढा मागं पडेल तेवढा मी माझाही मागं ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाटाव्यात. जड पातेलं मी उचलायची. गाठी मी शोधायची. मॅडमना काही कळू नये म्हणून माझी केवढी ती धडपड! अक्काला माणूस असं कुणी नव्हतं. लेक लग्न होऊन बेळगावला गेलेली, नवरा कधीच वारलेला. हे केंद्र सुटलं असतं तर ती कुठं गेली असती? शिवाय गडहिंग्लजहून आलेल्या, दहावी नापास पोरीला “ही माझी जबाबदारी” म्हणून मॅडमपुढं उभी करणारीही तीच होती. मला वाटायचं, मी तिचे पांग फेडतेय.

तर त्या सोमवारी टेबलावर एस्तेरबाई रणभिसे होत्या. मिरजेकडच्या कुठल्याशा दवाखान्यात छत्तीस वर्षं नर्स होत्या आणि आता कोल्हापुरात मुलाकडे राहत होत्या. धरलेल्या कंबरेसाठी सहा आठवडे येत होत्या. बोलणं मोजकं, पण जाताना आम्हा दोघींचं नाव घेऊन आभार मानायच्या. असं करणारी माणसं थोडी.

अक्कानं गरम पाण्याच्या पातेल्यातून तेलाची वाटी उचलली आणि मनगटावर थेंब टाकला. नेमका त्या चट्ट्यावर.

“बराबर हाय,” ती म्हणाली.

वाटीच्या कडेवर मला अंधुकशी वाफ दिसली होती. हे मी आज कबूल करते, तेव्हा स्वतःशी कबूल करायलाही महिना लागला. वाफ दिसली आणि मनात आलं, जरा जास्तच तापलंय. पण अक्का बरोबर आहे म्हणाली, म्हणजे बरोबर असणार. तिच्यापेक्षा मला जास्त कळतं का?

तिनं तेल कंबरेवर ओतलं.

पायाची बोटं आत वळली नाहीत, मुठीसारखी आवळलीच. एस्तेरबाईंच्या तोंडून एक बारीकसा आवाज आला आणि त्या कोपरांवर उठल्या. कंबरेवर हाताच्या पंजाएवढा लालबुंद डाग उमटत होता. अक्का वाटी धरून तशीच उभी. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. तेल तिनं आत्ताच तर तपासलं होतं!

“तेल टिपून घे,” एस्तेरबाई मला म्हणाल्या. पोळलेलं माणूस इतक्या शांतपणे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. “आता नळाचं साधं पाणी. सुती फडकं भिजव आणि ठेव. बर्फ नको. फडकं कोमट झालं की बदल. घाबरू नकोस, मी काही मरत नाही.”

मी फडकी बदलत राहिले. आवाज ऐकून तांबवेकर मॅडम आल्या. त्यांनी डाग पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“तेल कुणी तपासलं?”

मी अक्काकडे पाहिलं. तिची नजर फरशीवर होती.

“मी,” मी म्हटलं. “चुकलं माझं.”

“तू? कमळाबाई असताना तू का तपासलंस?”

“घाईत... चुकलं माझं, मॅडम.”

मला वाटलं होतं, आता अक्का बोलेल. खरंच वाटलं होतं. ती बोलली नाही. मॅडमनी एस्तेरबाईंची हात जोडून माफी मागितली, मलम आणायला सांगितलं आणि जाताना मला म्हणाल्या, “संध्याकाळी तुझं सामान घेऊन ऑफिसात ये. ज्या हाताला तेलाची धग कळत नाही, तो हात माझ्याकडे नको.”

ते वाक्य माझ्यासाठी होतं, पण लागलं अक्काला. तिनं भिंतीला हात टेकला.

मॅडम गेल्यावर एस्तेरबाईंनी मलम लावून घेतलं, हळूहळू साडी नेसली आणि स्टुलावर बसल्या. मी दाराकडे निघाले.

“थांब मुली. दार लाव. कमळाबाई, तुम्ही इथं समोर बसा.”

“बाई, माफी करा,” अक्का म्हणाली. “लई पोळलं का?”

“पोळलं. आठ दिवसांत जाईल. तुमचा हात बघायचाय मला. हात लावू का?”

अक्का चमकून बघायला लागली. पंचवीस वर्षं हा प्रश्न ती लोकांना विचारत आली होती. तिला तो कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. तिनं उजवा हात पुढं केला आणि लगेच अर्धा मागं घेतला.

“न्हाई म्हटलं तरी चालंल,” एस्तेरबाई म्हणाल्या, तेही तिच्याच बोलीत.

मग अक्कानं हात दिला. एस्तेरबाईंनी फळीवरच्या डब्यातून कापूस घेतला, त्याची बारीक वात ओढली. “डोळे मिटा. कापूस लागला की दुसऱ्या हाताच्या बोटानं दाखवायचं, कुठं लागला ते.”

कोपराजवळ लावला. अक्कानं बरोबर दाखवलं. अंगठ्यावर लावला. बरोबर दाखवलं. मग त्या चट्ट्यावर कापूस टेकवला, फिरवला, पुन्हा टेकवला. अक्का डोळे मिटून वाट बघत बसलेली. शाळेतल्या हुशार मुलीसारखं डावं बोट तयार ठेवलेलं.

“लावा की,” ती म्हणाली.

एस्तेरबाईंनी करंगळीवरून कापूस नेला, शेजारच्या बोटावरून नेला. अक्का अजून वाट बघत होती.

“लावताय न्हवं?”

“डोळे उघडा, कमळाबाई.”

तिनं उघडले. कापूस तिच्या करंगळीवरच होता. तिनं तो पाहिला, आणि मग ती जी रडायला लागली! आवाज न करता, दुसऱ्या हातानं तोंड दाबून.

“तुम्हाला माहीत होतं,” एस्तेरबाई म्हणाल्या.

“वाटत हुतं. माझ्या आत्याला असंच झालंतं. असाच चट्टा. आमच्या आज्यानं तिला गोठ्याच्या पल्याड खोपट बांधून दिलं. सणाला माझी आई ताट लांबनं सरकवायची. मी ल्हान हुतो, तिच्याकडं धावत गेलो तर मला फरफटत मागं आणलं. तिनं परत हात पुढं केलाच न्हाई, बाई. कुणाकडंच न्हाई.” कोल्हापूरच्या जुन्या बायका असंच, पुरुषांसारखं बोलतात. “आन् माझं तर कामच हाताचं. माझा हात कोण लावून घील आता?”

कुष्ठरोग हा शब्द एस्तेरबाईंनी उच्चारला तेव्हा मी नकळत एक पाऊल मागं सरकले. मला त्याची आजही लाज वाटते. एस्तेरबाईंनी ते पाहिलं. त्यांनी अक्काचा हात सोडला नाही, उलट दोन्ही हातांत धरला.

“मी छत्तीस वर्षं हेच काम केलंय. असे हजारो हात धरलेत, आणि हे बघा, माझी दहाही बोटं तुमच्यासमोर आहेत. आता याला औषध आहे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. डॉक्टर तपासतील आणि काही महिने गोळ्या देतील. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. रोग जातो. अगदी जातो.”

“आन् हात?”

खोटा धीर देणं एस्तेरबाईंना जमत नसावं.

“नसेला सूज असेल तर त्याच्या वेगळ्या गोळ्या असतात. वेळेत सुरू झाल्या तर पुष्कळदा संवेदना परत येते. उशीर झाला तर येत नाही. किती दिवस झाले बधिर होऊन?”

उत्तर मीच दिलं. “दोन महिने. जास्तच असतील.”

“तुला माहीत होतं?”

“हो. म्हणजे रोगाचं नाही. हाताचं.” आणि मग मी भडाभडा सगळं सांगितलं. हात हळू केल्याचं, पातेलं उचलल्याचं, फोडाचं. तेल मी तपासलं नव्हतं हेही. सांगताना कुठंतरी मला वाटत होतं की त्या माझ्या पाठीवरून हात फिरवतील.

“मला वाटलंच,” त्या म्हणाल्या. “सहा आठवडे बघतेय, तुमची मालिश दर खेपेला हळू होत चालली होती. तुझा जीव आहे यांच्यावर, दिसतंय. पण तू यांना वाचवत नव्हतीस, मुली. तू यांचे दोन महिने घालवलेस.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

अक्का डोळे पुसून उठली. “तिला काय बोलू नका,” ती म्हणाली. “ती ल्हान हाय. मी शिकिवलं तसं केलं तिनं. माणसाला एकटं सोडायचं न्हाई, असं मीच शिकिवलंय.”

आणि पदर खोचून ती तरातरा मॅडमच्या ऑफिसकडे निघाली. मी मागे धावले. एस्तेरबाई कंबर धरून सावकाश आल्या.

“मॅडम, तेल मी तपासलं,” अक्का दारातूनच म्हणाली. “पोरगीनं न्हाई. मला चटकाच कळत न्हाई ह्या हाताला.” आणि तिनं कारणही सांगून टाकलं, एका दमात, न लपवता.

मॅडमनी खुर्ची वीतभर मागं घेतली. स्वतः आयुर्वेदाच्या डॉक्टर असूनही. मग त्यांचं त्यांनाच ते कळलं असावं, कारण त्यांनी ती परत पुढं ओढली.

“पंचवीस वर्षं, कमळाबाई,” त्या म्हणाल्या. “मला एकदा सांगायचं.”

“भ्या वाटलं.”

“लोकांना कळलं तर इथं कोण येईल, याची मला भीती वाटतेय. खोटं कशाला बोलू?” मॅडम बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत राहिल्या. “आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला. डॉक्टर सांगेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. पुढचं पुढं बघू.”

“मी पुढच्या सोमवारी येणार आहे,” दारातून एस्तेरबाई म्हणाल्या. “मला कमळाबाई खोलीत पाहिजेत. हात लावायला नसू देत. ही पोरगी हात चालवेल, त्या बघतील.”

ज्या बाईची कंबर आम्ही पोळवली होती, तीच असं म्हणत होती. मॅडमना नाही म्हणता येईना.

पुढच्या सोमवारी तसंच झालं. उजवीकडे एक नवी मुलगी, डावीकडे, मुख्य बाईच्या जागी, मी. तेल मी माझ्या मनगटावर तपासलं, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासायला लागले तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावरून अक्का म्हणाली, “तेल लावतीस का सत्यनारायण घालतीस?” एस्तेरबाई पालथ्या पडल्या पडल्या हसल्या. मग अक्का तोंडानं ताल सांगत गेली. “खांदा... खाली... दमानं... वैजे, बोटांकडं बघ.” तेव्हापासून केंद्रात येणारी प्रत्येक मुलगी त्या स्टुलासमोर शिकली.

दवाखान्यातून दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या होत्या, एक रोगाच्या, दुसऱ्या नसेच्या. हाताची निगा मात्र घरी राखायची होती. रोज साध्या पाण्यात हात भिजवायचा, मग तेल चोळायचं, मग एकेक बोट सरळ करायचं. हे मी माझ्याकडे घेतलं. काम सुटलं की शुक्रवार पेठेतल्या तिच्या खोलीवर जायची. पहिल्या दिवशी तिनं हात मागं घेतला.

“तू नको गं. मी माझं करतो.”

“हात लावू का, अक्का?”

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग हात माझ्या मांडीवर ठेवला.

मी रोज तेल कोमट करायची, माझ्या मनगटावर बघायची, मग तिच्या. आणि नियमाप्रमाणे एकदा विचारायची, “तेल कसंय?”

“छान हाय,” ती म्हणायची. रोज. इतरांना भिडस्त म्हणणारी बाई स्वतः मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची. मी तिच्या करंगळीकडे बघायची. करंगळी ढिम्म हलायची नाही. मी घालवलेले ते दोन महिने रोज संध्याकाळी त्या बोटाशी येऊन बसायचे. हे बोट परत आलं नाही, तर ते माझ्यामुळं, दुसऱ्या कुणामुळं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिनं मला एकदाही बोलून दाखवलं नाही. पाच महिने गेले. रोगाच्या गोळ्या संपत आल्या, चट्टा पुसट झाला. करंगळी तशीच.

एका शनिवारी ती मला आमच्या नव्या मुलीची नक्कल करून दाखवत होती. ती मुलगी दाब कशी देते, तर भाकरी थापल्यासारखी. मी हसत हसतच वाटी उचलली, मनगटावर थेंब टाकला. कोमट होतं. नेहमीसारखंच. तिच्या मनगटावर ओतलं, तळव्याकडे उतरू दिलं, आणि विचारायच्या आधी माझं लक्ष गेलं.

करंगळी आत वळली होती.

अक्का बोलायची थांबली. तिनं हाताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या कपाळावर आठ्या चढल्या, मुलींवर ओरडायच्या आधी चढायच्या तशा.

“वैजे! तेल आदी तपासायचं असतं, शिकिवलं न्हाई का तुला? गरम हाय की हे!”

तिचं तिलाच ऐकू आलं. आम्ही दोघी त्या हाताकडं बघत बसलो.

“चुकलं माझं, अक्का,” मी म्हटलं.